चित्रांतली ठिकाणं प्रत्यक्ष बघायची आहेत. कुठे जावं, तिथे काय बघावं?

सेलूच्या बाई

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूची. उभी नोकरी चित्रकला शिकवण्यात झाली, आता निवृत्त आहे. मुलगा नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो, चिप तयार करणाऱ्या यंत्रांच्या कामात. मे-जूनमध्ये त्यानं आम्हा दोघांना बोलावलंय, व्हिसाही हातात आलाय. तो म्हणतो, ट्युलिपच्या बागा, पॅरिस, स्वित्झर्लंड असं एखादं पॅकेज घेऊन टाकू. मला पॅकेज नको. ज्या चित्रांवर मी मुलांना शिकवलं, त्या चित्रांतल्या जागा मला बघायच्या आहेत.

आमच्या शाळेत चित्रकलेला वेगळी खोली नव्हती. व्हरांड्यात सतरंजी टाकून तास घ्यायची आणि भिंतीवर जुन्या कॅलेंडरांतली, मासिकांतली कापलेली चित्रं चिकटवायची. त्यांत डच चित्रकार व्हॅन गॉगचं 'बटाटे खाणारी माणसं' होतं. कंदिलाच्या उजेडात टेबलाभोवती बसलेलं शेतमजुरांचं घर. वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं असायची. दिवाळी झाली की निम्मी सतरंजी रिकामी, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परत भरायची. एकदा अशीच एक पोरगी कारखान्यावरून परत आली आणि त्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "बाई, ह्यांच्या कोपीत पण लाइट नाही. आणि हात बघा की ह्यांचे, माझ्या मायसारखे आहेत." मी कितीदा ते चित्र शिकवलं होतं, पण माझं बोलणं नेहमी उजेड-सावलीवरच चालायचं. हात तिनं दाखवले.

दुसरी गोष्ट निसर्गचित्राची. एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांची तयारी करताना गेली कित्येक वर्षं पोरं तेच काढतात: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठाला नारळ. सेलूत नारळ कुठला? खिडकीबाहेर लिंब, बाभळी आणि कापसाचं रान. मी सांगायची, बाहेर बघा आणि काढा. पण मोठ्या चित्रकारानं बाहेर बघून काय उचललं आणि काय सोडलं, हे दाखवायला माझ्याकडे छापील चित्रच होतं, जागा नव्हती.

तर सांगा. त्या भागातल्या कोणत्या जागा अजून शाबूत आहेत? 'बटाटे'वालं घर आहे का? फ्रेंच चित्रकार मोनेच्या कमळांचं तळं खरंच तसं आहे का? ह्यांचे गुडघे दुखतात, फार चढ झेपणार नाही. आणि तिथे पोचल्यावर नेमकं बघायचं काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

मांजराकाठ (लातूर)

बाई, नमस्कार. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. त्या उन्हाळ्यानंच मला पाण्याच्या विषयाकडे वळवलं आणि पुढे मी डेल्फ्टला शिकायला गेलो. त्यामुळे तिकडच्या दोन गावांबद्दल सांगू शकतो.

पहिलं न्यूनेन. तुमच्या मुलाच्या गावापासून सात-आठ किलोमीटर, बस आहे आणि सगळं सपाट. व्हॅन गॉग १८८३ च्या डिसेंबरात तिथे आला आणि १८८५ च्या नोव्हेंबरात गेला. वडील तिथे पाद्री होते. त्यांचं घर अजून उभं आहे. समोर संग्रहालय आहे. 'बटाटे खाणारी माणसं' १८८५ च्या एप्रिल-मेमधलं. द ग्रोट नावाच्या कुटुंबाची ती झोपडी होती, ती आज नाही. मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं म्हटलंय की ही माणसं ज्या हातांनी ताटातलं खातात त्याच हातांनी त्यांनी जमीन खणलीय, हे मला दाखवायचं होतं. तुमच्या विद्यार्थिनीनं नेमकं तेच ओळखलं. मला ते वाचून फार बरं वाटलं.

झोपडी नसली तरी न्यूनेनचं छोटं आठकोनी चर्च जसंच्या तसं आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. त्याची आई १८८४ च्या जानेवारीत पडली, मांडीचं हाड मोडलं. तिच्यासाठी त्यानं ह्या चर्चचं छोटं चित्र केलं. आधी त्यात खांद्यावर कुदळ घेतलेला एकच शेतकरी होता. १८८५ च्या मार्चमध्ये वडील वारले. नंतर त्यानं तो शेतकरी बुजवून तिथे चर्चमधून बाहेर पडणारी माणसं घातली, त्यांत काळ्या कपड्यांतल्या बायका. जागा तीच, घरात मरण झालं आणि चित्र बदललं. हे चित्र २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं आणि २०१६ मध्ये इटलीत नेपल्सजवळ सापडलं. आधी चित्र बघा, मग चर्चपुढे उभ्या राहा. इमारत किती लहान आहे ते बघून नवल वाटेल. ओपवेटनची पाणचक्कीही जवळच आहे, ती त्यानं १८८४ मध्ये रंगवली होती. बसायला जागा आहे, काकांना तिथे विसावा मिळेल.

दुसरं डेल्फ्ट. डच चित्रकार फर्मीरचं 'डेल्फ्टचा देखावा' साधारण १६६०-६१ मधलं, हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात. रेल्वे स्टेशनवरून चालत थोड्या वेळात होइकाडे नावाच्या धक्क्यावर पोचता. चित्रकार पाण्याच्या ह्या काठावरून उत्तरेकडे, शहराकडे बघतोय. चित्रातल्या दोन्ही वेशी एकोणिसाव्या शतकात पाडल्या. न्यू केर्क चर्चचा मनोरा आहे, पण १८७२ मध्ये वीज पडून त्याचं टोक जळालं आणि नवीन बसवलं ते जास्त उंच. म्हणजे जुळणारं थोडंच. तरी मी वर्गातून परतताना रोज तिथे थांबायचो, कारण पाणी आणि आभाळ तेच आहे. ढगाची सावली अलीकडच्या घरांवर आणि मागे एकाच पट्ट्यावर ऊन, असं तिथे खरोखर होतं. मोबाईलवर चित्र उघडून धरलं की लक्षात येतं, इमारतींची रांग फर्मीरनं सरळ, शांत करून घेतलीय आणि वेशीच्या मनोऱ्यांचं प्रतिबिंब पाण्यात लांब ओढलंय. डोळ्याला दिसतं तेवढंच काढलं असतं तर चित्र इतकं स्थिर झालं नसतं. सकाळी जा, चित्रातलं ऊन सकाळचं आहे.

त्याचं 'छोटी गल्ली' हे दुसरं चित्र ॲमस्टरडॅमच्या रेक्समुझियममध्ये आहे. २०१५ मध्ये एका संशोधकानं धक्क्याच्या कराची १६६७ ची वही तपासली. कालव्याकाठच्या प्रत्येक घराची रुंदी त्यात लिहिलेली होती. त्यावरून त्यानं ही जागा फ्लामिंगस्ट्राट ४०-४२ अशी मांडली. तिथे फर्मीरची आत्या राहायची. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. घरं नवी आहेत, मधला बोळ मात्र आहे. आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारख्या एका वहीतून साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या चित्राचा पत्ता लागावा, हे मला त्या चित्राइतकंच मोलाचं वाटतं.

चष्मेवाला (नांदेड)

बाई, मोनेच्या तळ्याबद्दल मी लिहितो. मी नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासायचं काम करतो. ते तळं जिव्हर्नी गावात आहे, तिथे गेलो तो मुख्यतः मोनेच्या मोतीबिंदूमुळे.

पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनवरून व्हर्नोनपर्यंत रेल्वे, पुढे बस. एप्रिल ते ऑक्टोबर उघडं असतं, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा चालूच. मोने १८८३ मध्ये तिथे राहायला आला आणि १९२६ मध्ये तिथेच वारला. तळं निसर्गात आयतं सापडलेलं नाही. त्यानं १८९३ मध्ये रेल्वेच्या पलीकडची जमीन घेतली आणि एप्त नदीच्या एका फाट्याचं पाणी आत वळवलं. गावकऱ्यांचा विरोध होता, ही परदेशी झाडं पाणी नासवतील आणि आमची गुरं मरतील म्हणून. मधल्या रस्त्याची धूळ कमळांवर बसायची, तर त्यानं पदरच्या पैशानं रस्त्यावर डांबर घालून घेतलं. तळं राखायला माळी वेगळा ठेवला होता. तेव्हा 'बाहेर बघा आणि काढा' ह्या तुमच्या वाक्याला जिव्हर्नीत एक जोड आहे: त्यानं आधी बाहेरच तयार केलं, मग वर्षानुवर्षं बसून तेच बघितलं.

आता डोळ्यांचं. १९१२ मध्ये त्याला दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू असल्याचं निदान झालं. शस्त्रक्रियेला तो घाबरत होता, अकरा वर्षं टाळली. मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होतं. निळा आणि जांभळा रंग अडतो, सगळं मातकट तांबूस दिसायला लागतं. मी रोज खेड्यांतून आलेल्या म्हाताऱ्यांकडून हेच ऐकतो, पांढरं धोतर पिवळं दिसायलंय म्हणून. तळ्यावर जपानी धाटणीचा पूल आहे. मोनेनं १९२० च्या आसपास रंगवलेला तो बघा. लाल, तपकिरी, पिवळ्या रंगांचा नुसता गुंता. १८९९ चा पूल बघा, हिरवा आणि निळा. मी त्या पुलावर उभा राहून मोबाईलवर दोन्ही चित्रं लावून बघितली. जागा एकच, दोन चित्रांत वीसेक वर्षं आणि एक भिंग. १९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. नंतर निळा रंग एवढा दिसायला लागला की तो हैराण झाला. रंगीत काचांचे चष्मे करून बघितले. कमळांची मोठी चित्रं पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात आहेत, १९२७ पासून. गोल वळणाच्या दोन खोल्या, मध्ये बसायला बाक. काकांना तिथे निवांत बसता येईल.

गर्दीचं मात्र सांगतो. जिव्हर्नीच्या पुलावर दोन मिनिटं उभं राहायला मिळत नाही. दार उघडायच्या वेळेला पोचा आणि घर नंतर बघा, तळं आधी.

पॅरिसला जाणारच असाल तर ओव्हेर-सुर-वाझ सोडू नका. पॅरिसच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवरचं खेडं. व्हॅन गॉगनं शेवटचे दोन-सव्वादोन महिने तिथे काढले आणि सत्तरच्या वर चित्रं केली. राव्हू खाणावळीतल्या माडीवरची त्याची खोली बघता येते. छताला एक झरोका आणि चार भिंती, दुसरं काही ठेवलेलं नाही. २९ जुलै १८९० ला तो तिथेच गेला. चर्च थोडं चढावर आहे. चित्रात ते मागच्या बाजूनं घेतलंय, पुढे वाट दोन्हीकडे फुटते. त्याच जागी चित्राचा फलक लावलाय, समोरासमोर ताडून बघता येतं. दगडी भिंती प्रत्यक्षात सरळ आहेत आणि चित्रात त्या हलतात. आभाळ त्यानं इतकं गडद निळं घेतलंय की दिवस आहे की रात्र कळत नाही. वर शेतं आणि दफनभूमी. तो आणि भाऊ थिओ शेजारी शेजारी, दोघांवर मिळून एकच वेल पसरलेली.

शेवटचं चित्र 'झाडांची मुळं'. ही जागा २०२० मध्ये सापडली. एका अभ्यासकाला १९०० ते १९१० च्या दरम्यानचं एक जुनं पोस्टकार्ड दिसलं. त्यात रस्त्याच्या कडेला उतारावर उघडी पडलेली तीच मुळं होती, खाणावळीपासून दीडशे मीटरवर. मुख्य बुंध्याचा भाग अजून आहे. चित्र बघताना वाटतं की हे नुसते रंगांचे फटकारे आहेत, आणि जागेवर गेल्यावर एकेक मूळ ओळखू येतं.

व्हॅन गॉग राहिला ती आर्ल आणि सें-रेमी ही गावं लांब पडतील, फ्रान्सच्या दक्षिणेला. आर्लमधलं त्याचं पिवळं घर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलंच. तो जिथे उपचारासाठी राहिला तो सें-रेमीचा आश्रम आहे, तिथे आजही मनोरुग्णांवर उपचार चालतात आणि काही भाग बघायला उघडा असतो. पण 'तारांकित रात्र'मधलं गाव त्याच्या खिडकीतून दिसत नव्हतं, ते त्यानं मनानं घातलं. रात्रीच्या कॅफेबाहेर मांडलेल्या टेबलांचं आर्लमधलं चित्र मात्र तुम्हाला नेदरलँड्समध्येच, क्रोलर-म्युलर संग्रहालयात बघायला मिळेल.

तुळजाईचा (धाराशिव)

माझी बहीण शिकागोकडे असते, म्हणून एक भर घालतो. अमेरिकन चित्रकार ग्रँट वुडच्या 'अमेरिकन गॉथिक'मधलं पांढरं लाकडी घर आयोवातल्या एल्डन गावात अजून आहे. १९३० मध्ये त्यानं ते बघितलं, वरची टोकदार कमानीची खिडकी डोळ्यात भरली आणि असल्या घरात कशी माणसं राहत असतील ते त्यानं स्वतः ठरवलं. चित्रातली बाई त्याची बहीण, माणूस त्याचा दातांचा डॉक्टर. दोघंही त्या घरासमोर एकत्र उभे राहिले नव्हते. शेजारच्या केंद्रात एप्रन आणि पंजेटी मिळते, लोक घालून फोटो काढतात. तुमच्या रस्त्यात नाही हे, पण खिडकीवरून माणसं उभी केली हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

अजिंठेकर (ता. सिल्लोड)

बाई, राम राम. मी अजिंठा गावचा. लेण्यांपासून आमचं गाव दहा-बारा किलोमीटर. मक्याची न कापसाची शेती आहे, सीझनला पाहुण्यांना लेणी दाखवायला पण जातो. वरच्या सगळ्यांनी लई छान लिहिलंय. पण एक सांगायलो, राग मानू नका. चित्रकार दूरदेशाहून येऊन ज्या जागेसाठी आयुष्य घालवून गेले, ती जागा तुमच्या सेलूपासून एका दिवसाच्या रस्त्यावर आहे.

आमच्या गावात बारादरी आहे. तिथं रॉबर्ट गिल राहायचा. मद्रासच्या फौजेतला अधिकारी, कंपनी सरकारनं १८४४ मध्ये त्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. कॅनव्हासवर तैलरंगात, मोठमोठ्या. वर्षानुवर्षं तो हेच करत राहिला. पारो नावाची इथली बाई त्याच्यासोबत होती. ती १८५६ मध्ये गेली, तिची कबर गावात आहे, त्यावर त्यानं तिचं नाव कोरून घेतलं. लोक त्यांच्या प्रेमाच्या गोष्टी सांगतात. मी पाहुण्यांना कबर दाखवतो आणि दगडावर जे लिहिलंय तेवढंच सांगतो. गिलच्या नकला लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेस नावाच्या प्रदर्शनाच्या इमारतीत लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. गडी परत कामाला लागला. १८७९ मध्ये वारला, भुसावळला त्याची कबर आहे.

मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आले. १८७२ ते १८८५, आपली विद्यार्थी मंडळी घेऊन. त्यांच्या पण बऱ्याच नकला लंडनला १८८५ मध्ये आगीत गेल्या. उरल्यात त्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मग १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकार. तिच्यासोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असित हळदार हे चित्रकार आले, ते तेव्हा तरुण होते. आपल्या निजाम संस्थानातून सय्यद अहमद होते, ते पुढं अजिंठ्याचे क्युरेटर झाले. १९३६-३७ च्या हिवाळ्यात चित्रकार अमृता शेरगिल येऊन गेली. पॅरिसात शिकलेली ती, आणि इथं येऊन तिची रेषा बदलली. लगेच पुढं दक्षिणेत फिरून तिनं 'ब्रह्मचारी' केलं, 'वधूचा शृंगार' केलं. 'ब्रह्मचारी' दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बघा. पांढरी धोतरं, मागं तांबडी जमीन. आणि मग एक नंबरच्या लेण्यात येऊन उभ्या राहा. कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

जागेवर काय बघायचं तुम्ही विचारलं. आधी व्ह्यू पॉइंटवरून वाघोरा नदीचं वळण बघा, घोड्याच्या नालासारखं. जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९ मध्ये वरूनच लेणं बघितलं म्हणतात, त्याचं नाव न २८ एप्रिल ही तारीख दहा नंबरच्या लेण्यात खांबावर कोरलेली आहे. मग एक नंबरला पद्मपाणी, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व. सगळे चेहरा बघतात. तुम्ही गळ्यातली मोत्याची माळ बघा. मोत्याला रंगाचा थर जाड दिलाय, बाजूनं उजेड पडला की मोती वर उठतात. मग जिथं चित्र खपलून पडलंय तिथं थांबा. खालचा गिलावा उघडा दिसतो: माती, भाताचं तूस, गवताचे धागे, वर चुन्याचा पातळ हात. माझ्या आज्यानं घराच्या भिंती अशाच मातीत गवत मिसळून लिंपल्या होत्या, म्हणून मी प्रत्येक पाहुण्याला तिथं थांबवतो. तांबडा न पिवळा रंग गेरूचा न पिवडीचा. हिरवा आपल्या काळ्या दगडात सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. निळा तेवढा बाहेरचा, लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानाकडून यायचा. जागेनं चित्राला काय दिलं म्हणाल तर हे: अर्धा रंग तिथल्याच डोंगराचा आहे.

वेरूळचं पण सांगतो. जेम्स वेल्स नावाचा चित्रकार १७९५ मध्ये वेरूळला बसून चित्रं काढायला लागला. पुण्याचे गंगाराम तांबट त्याच्यासोबत होते. वेल्स त्याच वर्षी वारला. त्याच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलनं लंडनला २४ छापचित्रांचा संच १८०३ मध्ये काढला. त्यात सगळा डोंगर रांगेनं दाखवलाय, वरून धबधबे पडताना. तुम्ही पावसाळ्यात २९ नंबरच्या लेण्याकडं गेलात तर तो धबधबा आज पण पडतो. संच इंटरनेटवर बघायला मिळतो. गंगाराम तांबटांची चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांचं नाव पोरांना जरूर सांगा. आपल्या मातीतला माणूस, वेरूळच्या पायऱ्यांवर बसून काढत होता.

आणि दौलताबाद. शाहजहानच्या कारकिर्दीचा सचित्र ग्रंथ आहे, पादशाहनामा, त्यात १६३३ च्या वेढ्याचं चित्र आहे. मूळ प्रत अवधच्या नवाबानं १७९९ मध्ये इंग्लंडच्या राजाला भेट दिली, आता विंडसरला आहे. त्यातला उभा तासलेला डोंगर न हायवेवरून दिसणारा डोंगर ताडून बघा. एवढं एक चित्र वर्गात लावलं असतं तर नारळाचं झाड गेलं असतं बघा.

सेलूच्या बाई

तुम्ही सगळ्यांनी इतक्या मनापासून लिहिलंत, मी सगळं वहीत उतरवून घेतलंय. मुलाला आजच सांगितलं, स्वित्झर्लंड रद्द. आधी न्यूनेन, मग डेल्फ्ट, ॲमस्टरडॅम, आणि जमलं तर जिव्हर्नी आणि ओव्हेर. आर्ल सोडलं.

मांजराकाठ, आईसाठी केलेलं चित्र आणि बुजवलेला शेतकरी, हे मला माहीत नव्हतं. मी ते चित्र आधी बघून मगच चर्चपुढे जाईन. घडीचा स्टूल आणि पेन्सिलची पेटी नेतेय, प्रत्येक ठिकाणी बसून एक तरी रेखाटन करणार. चष्मेवाले दादा, ह्यांच्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदू सुरू झालाय. तुमचा मजकूर मी मोठ्यानं वाचून दाखवला. त्यावर हे म्हणाले, परतल्यावर लगेच ऑपरेशन करून टाकू, आणि तेवढं पुलाचं लाल चित्र मला दाखव.

अजिंठेकर दादा, राग कसला? मी शाळेची सहल दोनदा अजिंठ्याला आणली आणि दोन्ही वेळा पोरं मोजण्यात माझा दिवस गेला. गिलावा मी कधी थांबून बघितलाच नाही. जुलैत परत आले की जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन येते. जी पोरगी त्या चित्रापुढे उभी राहिली होती ती आता माजलगावला अंगणवाडीत आहे, तिला फोन केलाय. ह्यांच्या गुडघ्यांचं काय करावं तेवढं सांगा. आणि तिथे आत बसून काढू देतात का?

मांजराकाठ (लातूर)

व्हॅन गॉग संग्रहालयाचं तिकीट दारात मिळत नाही, वेळ ठरवून ऑनलाइनच काढावं लागतं. मे-जूनमध्ये वेळा लवकर भरतात, तेव्हा मुलाला आत्ताच काढायला सांगा. क्रोलर-म्युलर मोठ्या जंगलात आहे, तिथे संग्रहालयाशिवाय उद्यानाचंही तिकीट लागतं.

अजिंठेकर (ता. सिल्लोड)

या बाई, जुलैत या. पाऊस झाला की सप्तकुंडाचा धबधबा सुरू असतो. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, तेवढं धरून दिवस ठरवा. फर्दापूरच्या फाट्यावर स्वतःची गाडी ठेवावी लागते, पुढं बस नेते. बस उतरल्यावर पायऱ्या आहेत. काकांसाठी डोली मिळते, चार माणसं उचलून नेतात, भाव आधी ठरवून घ्या. वर गेल्यावर लेण्यांच्या पुढून वाट बरीच सरळ आहे, मध्ये मध्ये चढ-उतार. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि गर्दीला एका वेळी थोडीच माणसं आत सोडतात, त्यामुळं आत बसून काढणं जमत नाही. सकाळी नऊला पहिल्या बसनं आलात तर एक नंबरच्या लेण्यात जरा निवांत वेळ मिळतो. रेखाटन करायला नदीच्या पुलापाशी बसा, तिथून लेण्यांची सगळी रांग दिसते. येताना डॅनियलच्या डोंगराच्या चित्राची प्रिंट काढून आणा, दुसऱ्या दिवशी वेरूळला लागेल.